आगमनकाळ आणि नाताळ : दरवर्षी विचारले जाणारे प्रश्न

भातकापणी उरकून पेंढा माळ्यावर चढला की चर्चच्या मंडळीच्या सेक्रेटरीचा, म्हणजे माझा, फोन वाजायला लागतो. मुंबईचे चाकरमानी विचारतात, शेजारीपाजारी विचारतात, नवीन लग्न होऊन आलेल्या सुना जरा दबकत विचारतात. प्रश्न तेच ते. म्हणून यंदा एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आमची मंडळी वेंगुर्ले आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावरची. कायम गावात राहणारी घरं बोटांवर मोजावीत इतकी. एरवीच्या रविवारी बाकांवर पाय पसरून बसता येतं, नाताळात उभं राहायला जागा मिळत नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तर खालची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील.

आगमनकाळ म्हणजे काय? एक डिसेंबरला सुरू होतो ना?

नाही. नाताळाच्या आधीचे चार रविवार मागे मोजत जायचं. चौथा जिथे येईल तिथे आगमनकाळ सुरू. म्हणजे ३० नोव्हेंबर हा जो संत अंद्रियाचा दिवस, त्याच्या सगळ्यात जवळचा रविवार. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच कुठेतरी येतो. २०२५ साली तो ३० नोव्हेंबरला आला, २०२६ साली २९ ला आहे, २०२७ साली २८ ला. चर्चचं वर्षही याच रविवारी बदलतं. त्यामुळे आमचं नवं वर्ष कॅलेंडरवाल्यांच्या महिनाभर आधी लागतं.

काही वर्षी गंमत होते. २०२३ साली चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरला आला. सकाळी आगमनकाळाच्या चक्रावरची चौथी मेणबत्ती लावली आणि त्याच रात्री मधली पांढरी, नाताळाची (चक्राचं खाली सांगतो). सजावट करणाऱ्या पोरांनी आगमनकाळाचं जांभळं कापड उतरवून पांढरं चढवायला दुपारच्या जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नाही. आता २०२८ साली पुन्हा तसंच होणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

पण या चार आठवड्यांत करतात काय?

वाट बघतात. बाळ येशूच्या जन्माची, आणि तो पुन्हा येणार आहे त्याचीही. म्हणून पहिल्या रविवारची वाचनं गोड नसतात, ती 'जागे राहा' असं दटावणारी असतात. मग यशया संदेष्टा येतो, बाप्तिस्मा करणारा योहान येतो आणि शेवटी मरीया.

आता माझं मत. सणाला कोणीही येतं, वाट बघायला मात्र गावात असावं लागतं. आगमनकाळ आमच्याकडे राहिलेल्यांचा आहे, नाताळ आलेल्यांचा. पहिल्या रविवारी आम्ही बारा-चौदा माणसं असतो, त्यात चार काकू, दोन आजोबा आणि सुट्टी न मिळालेला एक पोस्टातला माणूस. प्रार्थनेच्या वेळी 'येणाऱ्यासाठी' असं म्हटलं की प्रत्येकीच्या डोळ्यांसमोर प्रभूही असतो आणि विरारला राहणारा मुलगाही. कोणी ते बोलून दाखवत नाही. पण उपासना संपल्यावर पायरीवर पहिला प्रश्न एकच असतो : "तुझ्याकडे कधी येतत?"

या काळात उपास करायचा का? लग्न चालतं का?

उपासाचा नियम आमच्याकडे नाही, ज्याला करायचा तो करतो. लग्नं आम्ही टाळतो. तसंही सगळ्यांना नाताळानंतरचीच तारीख हवी असते, कारण तेव्हा नातेवाईक गावातच असतात आणि जेवणावळीचे टोपही मांडवातच असतात.

मेणबत्त्यांचं ते चक्र कुठून आलं? रंगांचा अर्थ काय?

जर्मनीतून. हॅम्बुर्गला योहान हिन्रिक विखर्न नावाचे गृहस्थ अनाथ, गरीब मुलांचं एक घर चालवत. 'नाताळ कधी?' म्हणून मुलं रोज भंडावून सोडायची. तेव्हा १८३९ साली त्यांनी एक लाकडी चाक टांगलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान. रोज एक पेटवायची. म्हणजे मुळात ते मुलांना गप्प करण्याचं साधन. आज उरल्या आहेत रविवारच्या चार, आणि बऱ्याच ठिकाणी मधोमध एक पांढरी, ती नाताळाची. चारांना आम्ही आशा, शांती, आनंद, प्रीती म्हणतो. तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी, कारण त्या रविवारी वाट बघण्यातला कडकपणा जरा सैल होतो.

आमच्याकडे चक्राला हिरवं म्हणून सुरूच्या झाडाच्या फांद्या लावतात. किनाऱ्यावरच्या बनात तोडायला जायचं नाही, ते वारा अडवण्यासाठी लावलेलं आहे. कोणाच्या परसातल्या किंवा वाऱ्याने पडलेल्या फांद्या पुरतात. आंब्याचा टाळ एकदा लावून बघितला. दुसऱ्या रविवारी पानं वळली, तिसऱ्या रविवारी एका पानाने पेट घेतला. तेव्हापासून सुरूच्याच फांद्या.

गुलाबी मेणबत्ती मात्र इथल्या बाजारात मिळत नाही. एका वर्षी मीच शहाणपणा केला. पांढऱ्या मेणबत्त्या वितळवून त्यात पोरांचा गुलाबी मेणखडू टाकला आणि बांबूच्या नळीत ओतून छान गुलाबी मेणबत्ती पाडली. रविवारी पेटवली, दोन वचनं वाचून होईपर्यंत फडफडली आणि विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. खडूतला रंग वातीत अडकून मेण वर चढूच देत नव्हता. आनंदाची मेणबत्ती चार वेळा विझलेली मंडळीने पाहिली आणि शेवटी पाळकांनाच हसू आवरेना. आता पांढऱ्याच मेणबत्तीला बाहेरून गुलाबी क्रेप कागदाची पट्टी गुंडाळतो, आणि ज्योत कागदाजवळ येण्याआधी पट्टी खाली सरकवायला एक मूल नेमतो. वाऱ्यासाठी जुन्या कंदिलांच्या काचा आहेत, त्या फुटल्या की पुढे काय ते देव जाणे.

आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी इथे आगमनकाळ पाळत नसत. खरं का?

बरंचसं खरं. कोकणात १८२३ साली आलेले स्कॉटिश मिशनरी पहिल्यांदा बाणकोटला उतरले, नंतर हर्णैलाही होते. ते प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांऐवजी वडीलजनांनी चालवलेल्या प्रॉटेस्टंट पंथाचे. धर्मसुधारणेनंतर त्यांच्या चर्चने नाताळ वगैरे सण बाजूलाच ठेवले होते, बायबलात सांगितलेले नाहीत म्हणून. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी थेट १९५८ साली मिळाली! म्हणजे ज्यांनी इथे शुभवर्तमान आणलं ते स्वतः नाताळाच्या दिवशी कामावर जाणारे. वेंगुर्ल्याला दवाखाना चालवणारे अमेरिकन मिशनरीही प्रेस्बिटेरियनच. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. (कोकण उत्तर भारतात कधी गेलं, हे मला विचारू नका.) त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतलेही होते. त्यांच्याबरोबर चर्चचं पंचांग, कापडांचे रंग आणि आगमनकाळ आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, रुळले.

नाताळ मात्र लोकांनी त्याच्या आधीपासून धरलेला. सण सोडून राहील तो कोकणी माणूस कसला.

कॅथलिक शेजाऱ्यांचं आणि आपलं वेगळं काय?

तारखा त्याच, चार रविवार तेच. ते 'इगर्ज' म्हणतात, आम्ही 'देऊळ' म्हणतो. त्यांची मुख्य मिस्सा २४ च्या रात्री, आमची मोठी उपासना २५ ला सकाळी. संख्येने ते आमच्यापेक्षा पुष्कळ. सावंतवाडीला मुख्य ठिकाण असलेला त्यांचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली वेगळा झाला. त्यांच्या घरी कोकणी, आमच्या घरी मराठी, आणि बाजारात दोघांची मालवणी. रात्री आमची पोरं त्यांच्या मिस्सेला जाऊन मागे उभी राहतात, सकाळी त्यांची आमच्याकडे जेवायला असतात. वेगळेपणाचं म्हणाल तर एवढंच.

आगमनकाळात नाताळची गाणी म्हणायची की नाही?

यावर आमच्याकडे दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी निकाल तोच. नियमाप्रमाणे २४ च्या संध्याकाळपर्यंत जन्माची गाणी नाहीत, वाट बघण्याची गाणी म्हणायची. पाळकांचा आग्रह तोच, आणि माझंही मन त्यांच्याकडे झुकतं. पण चाकरमानी येणार २२-२३ ला आणि परतणार २ ला. त्यांना चार दिवसांत सगळंच हवं असतं. म्हणून तडजोड अशी : देवळात नियम, अंगणात सूट.

घरोघरच्या गाण्यांची फेरी कधी निघते? आमच्या घरी बोलवायचं असेल तर?

साधारण २० पासून २३ पर्यंत, अंधार पडला की निघायचं आणि दहाच्या आत परत. पेटी, ढोलकी, झांज आणि तीन सुरांत गाणारी वीस माणसं. ध्वनिवर्धक आम्ही नेतच नाही. बोलवायचं असेल तर फोन करा, फक्त घराची खूण नीट सांगा. 'चिंचेच्या पुढे' एवढं सांगून चालत नाही, चिंचा तीन आहेत.

बरीचशी गाणी भजनाच्या चालीवर आहेत, त्याचं श्रेय नारायण वामन टिळकांना द्यायला हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा हा माणूस. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तरी अभंगाची ओढ सुटली नाही, आणि त्यामुळेच मराठी ख्रिस्ती माणसाला इंग्रजी चालींवर मराठी शब्द ओढून-ताणून बसवत बसावं लागलं नाही. आमचा ढोलकीवाला शेजारच्या वाडीतला, स्वतः ख्रिस्ती नाही. पण अमुक ठिकाणी ठेका कुठे बदलतो हे आमच्यापेक्षा त्याला पक्कं माहीत.

यजमानांनी काय द्यायचं? चहा. फार तर खटखटे लाडू. प्रत्येक घरी पोटभर खाऊ घातलंत तर शेवटच्या घरी गाणं नाही, ढेकर ऐकायला मिळेल.

गव्हाणीचा देखावा करायला काय लागतं?

इथे जन्मलात तर विकत काही आणावं लागत नाही. पेंढा नुकता घरात आलेला असतो. जांभ्याचे दोन तुकडे, लाल माती, शेणाने सारवलेली फळी, वर झावळीचं छप्पर. शहरातल्या मुलांना 'गव्हाणी' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, आमची पोरं गोठ्यातली गव्हाण दाखवतात आणि विचारतात, "म्हशीन बाळाक चाटल्यान नाय?" हा प्रश्न मला कोणत्याही प्रवचनापेक्षा मोलाचा वाटतो.

हा देखावा करण्याची प्रथा आसीसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेचो गावी १२२३ साली रुजवली असं मानतात. त्याने खरा बैल आणि खरं गाढव आणून उभं केलं होतं. गंमत म्हणजे लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, मेंढपाळ आहेत, पण बैल-गाढवाचा उल्लेख नाही. ते आले यशयाच्या पहिल्या अध्यायातून. मागी लोक, म्हणजे पूर्वेकडून बाळाला भेटायला आलेले ज्ञानी, तीन होते असंही मत्तय सांगत नाही, देणग्या तीन म्हणून माणसं तीन. त्यामुळे तुमच्या देखाव्यात कोंबडा किंवा म्हैस असेल तर कोणी भुवया उंचावू नयेत.

दोन गोष्टी पाळा. बाळाची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत ठेवायची नाही, गव्हाणी रिकामी दिसली पाहिजे. आणि मागी दूर खिडकीत ठेवून रोज थोडे पुढे सरकवायचे, ६ जानेवारीला पोचवायचे. आमच्या देवळातल्या उंटाचा मागचा पाय कधीचाच तुटलाय, काडेपेटीच्या काडीवर उभा असतो. दर वर्षी पोचतो मात्र वेळेवर.

चांदणी कशी करायची? विकतची चालेल का?

चालेल. पण घरची करायची असेल तर दिवाळीचा आकाशकंदील मोडू नका, त्याच कामट्या वापरता येतात. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन. टोकं एकमेकांना सुतळीने बांधायची आणि मधल्या पाच सांध्यांत वीतभर आडव्या काड्या देऊन पोट फुगवायचं. कागद पतंगाचा, चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. खळीत थोडा मोरचूद घाला, नाहीतर झुरळं मेजवानी करतात. मोरचूद विषारी आहे, खळ पोरांच्या हातात देऊ नका. माडावर टांगणार असाल तर प्रत्येक पाकळीला बोटभर भोक ठेवा, वारा आरपार गेला पाहिजे. दिवा एलईडीचाच लावा. जुन्या साठच्या बल्बने आमच्या दोन चांदण्या जळल्या आहेत, एक तर भर उपासनेत.

मुलांच्या नाटिकेत भाग घ्यायचा आहे. मुंबईची मुलं चालतील?

चालतील, पण तालमी गावातल्या पोरांसोबत होतात. तुमची मुलं २३ ला आली तर देवदूत किंवा मेंढरं होतील. देवदूत कितीही असू शकतात. मरीया आणि योसेफ नोव्हेंबरातच ठरतात.

आणि एक सूचना, आमची नाटिका पाहून बिचकू नका. डिसेंबर हा इथे जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम. पोरं रात्र-रात्र दशावतार बघून येतात आणि तेच अंगात भिनतं. हेरोद राजा पडद्यामागून संकासुरासारखा आरोळी ठोकत येतो आणि पाय आपटून फेऱ्या मारतो. एका वर्षी त्याच्या मिशा घामाने सुटून योसेफाच्या खांद्यावर चिकटल्या, योसेफ शेवटपर्यंत त्या घेऊन फिरला. धर्मशाळेचा मालक दार लावताना मालवणीतच बोलतो : "हंय जागा नाय, फुडे जावा." या वाक्याला दरवर्षी हशा येतो. पण चाळीतल्या एका खोलीत सहा जण राहणारे चाकरमानी त्या वेळी हसत नाहीत, हे मी मागच्या बाकावरून पाहिलं आहे.

फराळाला काय करायचं?

करंज्या, चकल्या, शंकरपाळे हे दिवाळीत शेजारच्या घरून येतातच, तेच नाताळात आपल्याकडून परत जातात. त्यात भर कुलकुल्यांची आणि केकची. कॅथलिक घरांतून दोदोल येतं. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ तासन् तास घोटणं हे माझ्या घरी कोणाला जमलेलं नाही. आम्ही मुकाट्याने खातो.

कुलकुले मात्र आमच्या आजीचे. अर्धा किलो मैदा, दोन चमचे कडकडीत तुपाचं मोहन, चिमूटभर मीठ, चवीपुरती पिठीसाखर, आणि भिजवायला पाण्याऐवजी एका नारळाचं जाड दूध. पीठ पुरीपेक्षा किंचित सैल. बोराएवढी गोळी फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबत सरकवायची आणि गुंडाळून सोडायची. आजीची त्यासाठी वेगळी नवी फणी होती. ती तांदळाच्या डब्यात असायची आणि वर्षभर कोणी केसाला लावली तर मार मिळायचा. तळताना आच मंद ठेवा. घाई केलीत तर बाहेरून लाल आणि आत कच्चं पीठ.

केकचं पीठ घरी कालवून तालुक्याच्या बेकरीत भाजायला द्यायची पद्धत अजून आहे. पाव निघाल्यावर भट्टी गरम असते, तेव्हा आपले डबे आत जातात. डब्यावर नावाची चिठ्ठी लावू नका, जळते. खिळ्याने नाव कोरा. आमचा काजू-मनुका घातलेला डबा एकदा दुसऱ्याच्या घरी गेला आणि आमच्या वाट्याला बिनअंड्याचा केक आला. ज्यांच्याकडे गेला ते अजून त्या केकची आठवण काढतात, आणि आम्ही कोण हे आम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही.

२५ ला दुपारी देवळामागे प्रीतिभोजन असतं : कोंबडी-वडे, सोलकढी, आणि शाकाहारी मंडळींसाठी काळ्या वाटाण्याचं सांबार. भांडी घासायला थांबणाऱ्यांना वडे जास्तीचे मिळतात.

आम्ही ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल का?

या. चपला बाहेर काढायच्या, जागा मिळेल तिथे बसायचं. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि प्याला दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेल्यांनाच देतात, तेव्हा तुम्ही जागेवरच बसा किंवा आशीर्वादासाठी पुढे या. प्रसाद नाकारला असं मनात आणू नका. जेवणाला असा कोणताही नियम नाही.

गाडीचं तिकीट कधी काढायचं?

हा खरा सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. गणपतीला जशी गर्दी, तशीच नाताळाला, फक्त कारण वेगळं : तुमच्या डब्यात निम्मे लोक नववर्षाला गोव्याला निघालेले असतात. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे २३ डिसेंबरला निघायचं तर २४ ऑक्टोबरला सकाळी आठला मोबाइल हातात घेऊन बसा. स्टेशन कुडाळ. तिथून एसटी किंवा रिक्षा. रात्री उशिरा उतरणार असाल तर आधी कळवा, कोणीतरी घ्यायला येतं. किनाऱ्यावरच्या लॉजचे दर त्या आठवड्यात चढलेले असतात, तेव्हा ज्यांचं गावातलं घर बंद आहे त्यांनी संकोच न करता सांगावं. देवळाच्या खोलीत दहा गाद्या आहेत.

२४ आणि ३१ च्या संध्याकाळचं वेळापत्रक काय?

२४ ला साडेपाचला दफनभूमीत जमायचं. त्याच्या आदल्या रविवारी तिथलं गवत कापून झालेलं असतं, कोयती घेऊन आलात तर बरं. प्रत्येकाने आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती आणि अबोलीची वेणी ठेवायची. ज्यांचं आता गावात कोणीच नाही त्यांच्या थडग्यांवर मंडळीतर्फे ठेवतो, त्यासाठी मेणबत्त्यांचा एक पुडा जास्तीचा आणा. मग सातला देवळात प्रकाशाची उपासना, मधली पांढरी मेणबत्ती त्या वेळी पेटते. ती लावायचा मान मंडळीतल्या सगळ्यात लहान मुलाचा, हात धरायला सगळ्यात जुन्या आजी. मूल मुंबईचं असतं बहुतेक, आजी गावच्या.

२५ ला सकाळी साडेनऊ. ३१ ला रात्री साडेदहा, बाराच्या घंटेपर्यंत. घंटेची दोरी यंदा बदलली आहे, पोरांनी लोंबकळू नये.

सजावट कधी उतरवायची?

६ जानेवारीला, मागी पोचल्यावर. चाकरमानी तोवर गेलेले असतात, तेव्हा शिडी धरायला माणूस लागतो. ज्यांना ७ पर्यंत थांबता येतं त्यांनी नाव कळवावं. चांदणीची कामटी माळ्यावर जाते, चक्राची सुरू चुलीत. उंट कापसात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो, काडेपेटीची काडी त्याच्याशेजारीच.